वावटळ की मायक्रोबर्स्ट? "अचानक वारा आला" म्हणजे नक्की कुठला

छोटं विमान उतरता उतरता आपटलं की वाक्य ठरलेलं, "अचानक जोराचा वारा आला". पण तो जमिनीतून उठला होता की वरून कोसळला होता ते कुणी सांगत नाही. वावटळ आणि मायक्रोबर्स्ट (ढगातून खाली कोसळणारा वारा) दोन्ही लोकल, दोन्ही थोड्या मिनिटांचे पाहुणे, दोन्हींत धूळ उडते, म्हणून लोक सरसकट एकच समजतात, पण विमानाला पाडायची दोघांची तऱ्हा एकदम वेगळी आहे.

वावटळ कडक उन्हातली. आकाश साफ, वारा जवळपास नाहीच, पायलटला वाटणार आज लँडिंग म्हणजे मजा आहे. तापलेल्या जमिनीवरची हवा वर सुटते आणि गरगरायला लागते, रुंदी बहुतेकदा काही मीटर, फार तर काही दहा मीटर. आता सेसना १७२ या छोट्या विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण ११ मीटर, म्हणजे एक पंख भोवऱ्यात आणि दुसरा बाहेर असं सहज होतं. ६० नॉटने येणारं विमान सेकंदाला ३१ मीटर कापतं, म्हणजे २० मीटरची वावटळ एका सेकंदात मागे पडते सुद्धा, पण नेमकं तेव्हा चाकं टेकायला दहा फूट उरलेत, नाक उचललंय, पॉवर आयडलला (इंजिन अगदी मंद) आणि स्पीड स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल तुटण्याच्या, जवळ असेल तर तेवढा सेकंद पुरतो. एक पंख उचलला जातो, एलरॉन (पंख वर-खाली करणारी पंखाच्या टोकाकडची हलती फळी) पूर्ण दिला तरी एवढ्या कमी स्पीडला त्याचा जोर नसतो आणि खालचा पंख रनवेला घासतो. आणि खाली डांबर किंवा गवत असेल तर धूळच नाही, मग हा भोवरा दिसणार कसा?

मायक्रोबर्स्ट ढगातला. पावसाचे थेंब हवेत सुकतात, हवा थंड आणि जड होऊन धाडकन खाली येते आणि नळाची धार पालथ्या ताटावर पडावी तशी चहूबाजूंनी पसरते, साधारण ४ किलोमीटरच्या आत. हवामानशास्त्रज्ञ टेड फुजिता यांनी १९७५ मध्ये न्यूयॉर्कला पडलेल्या ईस्टर्न ६६ या प्रवासी विमानाच्या अपघातावर काम करताना हे पकडलं, तेव्हा बऱ्याच हवामानवाल्यांना ते पटलंच नव्हतं.

याचा डाव बघा. शिरताना समोरून वारा लागतो, स्पीड वाढतो, विमान वर राहतं, म्हणून पायलट पॉवर कमी करतो. मग वरून दाब, आणि पलीकडे वारा पाठीमागून. समोरचा २० नॉट जाऊन मागचा २० आला तर ६५ च्या स्पीडमधून ४० उडाले, हे झटक्यात झालं तर उरले २५, त्यावर कुठलं छोटं विमान उडतंय! इथे पंख नाही, अख्खं विमानच खाली बसतं.

खरा घोळ कोरड्या मायक्रोबर्स्टने होतो. ढग उंच, पावसाच्या रेघा अधांतरी लटकलेल्या, जमीन कोरडी ठाक, मग बघणारा म्हणतो पाऊस कुठे होता, वावटळच असणार. अशा वेळी धूळ बघायची. वावटळीत धुळीचा फिरता खांब उभा राहतो, मायक्रोबर्स्टमध्ये धुळीचं कडं जमिनीलगत बाहेर बाहेर पळतं.

वावटळ रनवेवर दिसली तर गो-अराउंड मारून (न उतरता परत वर जाऊन) एक चक्कर घेईपर्यंत बहुतेकदा ती विरलेली किंवा सरकलेली असते. मायक्रोबर्स्टची शंका आली तर मात्र लगेच फुल पॉवर, आणि तिथेच चकरा मारत बसायचं नाही, लांब जाऊन ढग पुढे सरकेपर्यंत थांबायचं किंवा सरळ दुसरा विमानतळ गाठायचा.