क्षयजंतूच्या प्रतिजनांना मानवी शरीराचा प्रतिसाद

क्षयजंतूच्या घटकांपैकी ज्या प्रथिनांना, मेदद्रव्यांना आणि शर्करायुक्त द्रव्यांना शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा परके म्हणून ओळखते, त्यांना त्या जंतूचे प्रतिजन म्हणतात. ही ओळख पटली म्हणजे माणूस रोगापासून सुरक्षित झाला असे नव्हे, आणि तो आजारी आहे असेही नव्हे. क्षयरोगाच्या निदानातला बराचसा गोंधळ या दोन गोष्टींची गल्लत केल्याने झालेला आहे.

श्वासावाटे फुप्फुसात पोचलेला जंतू तिथल्या महाभक्षी पेशी गिळतात, पण गिळलेला जंतू पचतोच असे नाही. पेशीतील पाचकद्रव्यांच्या पिशव्या स्वतःपर्यंत पोचू न देण्याची युक्ती त्याला साधलेली असते. दरम्यान काही पेशी त्याचे अंश लसीकाग्रंथींत नेऊन टी-पेशी या रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींना दाखवतात. लागण झाल्यापासून साधारण २ ते ८ आठवड्यांत सीडी-४ प्रकारच्या टी-पेशी तयार होतात व इंटरफेरॉन गॅमा हे संदेशद्रव्य स्रवू लागतात. त्यामुळे महाभक्षी पेशींना जंतू मारण्याचे बळ येते आणि जंतूभोवती पेशींचे कडे पडून बारीक गाठ बनते, जिच्यात तो वर्षानुवर्षे कोंडलेला राहू शकतो. एचआयव्हीमुळे सीडी-४ पेशी घटल्या, किंवा संधिवातावर टीएनएफ हे दाह वाढवणारे द्रव्य रोखणारी औषधे सुरू केली, की हे कडे सैल पडून दबलेला रोग उठू शकतो.

हाच प्रतिसाद फुप्फुसाची नासाडीही करतो. फुप्फुसात पोकळी पडण्यात टी-पेशींचा मोठा हात असतो, आणि खोकल्यावाटे सर्वाधिक जंतू बाहेर पडतात ते अशा पोकळीतूनच. इतर अनेक जंतू ओळख टाळण्यासाठी आपले प्रतिजन बदलत राहतात. क्षयजंतूच्या प्रतिजनांतले टी-पेशी ओळखतात ते भाग मात्र जगभरच्या वाणांत जवळजवळ जसेच्या तसे आढळतात. आपण ओळखले जावे यातच त्याचा फायदा असावा, असा तर्क त्यावरून केला जातो.

प्रतिसाद डोळ्यांनी पाहण्याची जुनी रीत म्हणजे मॉन्टू चाचणी. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने १८९० मध्ये औषध म्हणून पुढे आणलेले ट्युबरक्युलिन, म्हणजे क्षयजंतूंचा अर्क, उपचारात फसले, निदानात मात्र टिकले. १९०८ पासून ते त्वचेच्या आत टोचले जाऊ लागले. ४८ ते ७२ तासांनी लाली नव्हे, तर हाताला लागणारा टणकपणा मोजतात. बॉलपेन दोन्ही बाजूंनी हळूहळू सरकवत आणावे आणि जिथे अडेल तिथे थांबून मधले अंतर पट्टीने घ्यावे. शुक्रवारी टोचलेली सुई रविवार आडवा आल्याने सोमवारीच वाचावी लागते, ही नागपुरातल्या बालरोगतज्ज्ञांकडे येणाऱ्या पालकांना ओळखीची अडचण. ट्युबरक्युलिन हे अनेक प्रथिनांचे मिश्रण असल्याने लहानपणी घेतलेल्या बीसीजीमुळेही हात सुजू शकतो. ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही क्षयजंतूतली प्रथिने बीसीजीच्या जंतूत नाहीत. म्हणून रक्तातील इंटरफेरॉन गॅमा मोजणाऱ्या चाचण्या आणि भारतात २०२२ मध्ये मान्यता मिळालेली सीवाय-टीबी ही त्वचाचाचणी त्यांच्यावर आधारली आहे. तरीही जुनी दबलेली लागण आणि चालू आजार यांत त्यांनाही फरक करता येत नाही.

प्रतिपिंडांच्या, म्हणजे प्रतिजनांविरुद्ध शरीराने बनवलेल्या प्रथिनांच्या, रक्तचाचण्यांचा अनुभव याहून वाईट आहे. लागण होऊन गेलेल्यांची संख्या मोठी असलेल्या देशात त्या निरोग्याला रोगी ठरवत आणि रोग्याला मोकळे सोडत. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्या वापरू नयेत असे सांगितले व भारताने २०१२ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. ओळख पटणे म्हणजे संरक्षण नव्हे हे लसींतही दिसले: क्षयजंतूच्या प्रतिजन ८५-अ या प्रथिनावर आधारलेल्या एमव्हीए-८५ए लसीने टी-पेशींचा प्रतिसाद उमटवला, पण २०१३ मध्ये जाहीर झालेल्या दक्षिण आफ्रिकेतील चाचणीत बालकांना तिचे संरक्षण मिळाले नाही. त्या मानाने, आधीच लागण झालेल्या प्रौढांत एम-७२ लसीने आजाराचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आणले.

विदर्भात या विषयावर प्रदीर्घ काम झाले आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत जंतूने बाहेर टाकलेल्या ३१ किलोडाल्टन (रेणूचे वजन मोजण्याचे एकक) वजनाच्या प्रथिनाचा निदानासाठी अभ्यास झाला. नागपूरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसने मेंदूच्या टीबीकडे लक्ष वळवले. या आजारात पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात जंतू इतके विरळ असतात की सूक्ष्मदर्शकाखाली ते क्वचितच सापडतात, कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहायला, कित्येक आठवडे लागतात, आणि तेवढा वेळ रुग्णाच्या हाती नसतो. म्हणून तेथील संशोधकांनी शरीराच्या प्रतिसादावर विसंबून न राहता त्या पाण्यात खुद्द प्रतिजन ८५ शोधून पाहिले. हे प्रथिन जंतू आपली मेणचट भित्ती बांधताना मोठ्या प्रमाणावर बाहेर सोडतो, त्यामुळे जंतू हाती लागला नाही तरी त्याची खूण सापडण्याची शक्यता राहते.