आत्मविश्वास आणि भरवसा: देवाच्या प्रीतीत मिळणाऱ्या ओळखीविषयी

परीक्षांच्या निकालाचे दिवस आले की नागपूरच्या ख्रिस्ती घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते: "आत्मविश्वास ठेव, देवावर भरवसा ठेव." मावशी म्हणते, संडे स्कूलचे शिक्षक म्हणतात, पाळकही म्हणतात. दोन्ही सल्ले एका दमात दिले जातात आणि ऐकणाऱ्याला ते एकाच गोष्टीचे दोन उच्चार वाटतात. बाहेरून पाहिले तर तसे वाटणे साहजिकच आहे. दोन्हींमुळे माणूस ताठ उभा राहतो, दोन्हींमुळे आवाजातला कंप जातो आणि मुलाखतीच्या खोलीत शिरताना दोन्ही सारखेच दिसतात. फरक कळतो तो खोलीबाहेर आल्यावर, विशेषतः निवड झाली नाही तेव्हा. गेली काही वर्षे मंडळीतल्या तरुणांचा रविवारचा वर्ग घेताना या दोन शब्दांची गल्लत मी इतक्यांदा पाहिली आहे, आणि स्वतःही केली आहे, की ते एकदा शेजारी ठेवून नीट पाहावेसे वाटले.

आत्मविश्वासापासून सुरुवात करतो, कारण चर्चमध्ये त्याला उगाच नावे ठेवली जातात. एखादे काम आपल्याला जमेल असा अनुभवातून आलेला अंदाज, हा त्याचा साधा अर्थ. अल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञाने 1977 साली या विषयावर केलेली मांडणी प्रसिद्ध आहे आणि तिचे सार असे की असा विश्वास सर्वांत जास्त पक्का होतो तो प्रत्यक्ष काम पार पाडल्याच्या अनुभवाने. शंभर गणिते सोडवलेल्या मुलीला एकशे एकावे गणित सुटेल असे वाटणे यात गर्व नाही, अधर्म तर मुळीच नाही. अडचण सुरू होते ती 'मला हे जमते' या वाक्यावरून 'म्हणून माझी किंमत आहे' या वाक्यावर उडी मारली जाते तेव्हा. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1890 साली ही उडी एका भागाकारात मांडली: माणसाला स्वतःविषयी वाटणारा आदर म्हणजे त्याचे यश भागिले त्याच्या अपेक्षा. यश वाढवा किंवा अपेक्षा कमी करा, उत्तर सुधारते. सूत्र चलाख आहे आणि अनुभवाला धरूनही आहे, पण त्यात एक गोष्ट गृहीत आहे. उत्तर नेहमी निकालानंतरच काढता येते आणि प्रत्येक नव्या निकालाबरोबर ते पुन्हा काढावे लागते. नव्वद टक्के मिळवणाऱ्या मुलाची झोप पंच्याऐंशीच्या भीतीने उडते ती यामुळेच.

भरवशाचा क्रम उलटा आहे, आणि माझ्या मते सगळा फरक या क्रमातच आहे. शुभवर्तमानातला येशूच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग या दृष्टीने वाचावा. यार्देन नदीतून तो वर येतो आणि आकाशातून वाणी होते की हा माझा पुत्र, मला परमप्रिय, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. त्या क्षणापर्यंत मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने एकही प्रवचन दिलेले नाही, एकही रोगी बरा केलेला नाही, एकही शिष्य गोळा केलेला नाही. नासरेथसारख्या गावात सुताराच्या घरी गेलेली वर्षे एवढीच त्याची जमा बाजू. संतोष जाहीर होतो तो कामाच्या आधी. त्यानंतर लगेच अरण्यातले चाळीस दिवस येतात आणि परीक्षक, म्हणजे सैतान, पहिलेच वाक्य बोलतो ते असे की तू देवाचा पुत्र असशील तर या धोंड्यांच्या भाकरी करून दाखव. 'पुत्र' हा शब्द त्याने उचलला आहे, 'प्रिय' हा शब्द मात्र गाळला आहे. प्रिय हा शब्द निघाला की पुत्रपण ही सिद्ध करून दाखवण्याची पदवी होते. येशू काहीही सिद्ध करत नाही. धोंडे धोंडेच राहतात आणि त्याने तो पुत्र कमी होत नाही.

ही प्रीती नेमकी कशामुळे, असा प्रश्न विचारला की पवित्र शास्त्र जे उत्तर देते ते तर्काच्या वर्गात नापास होईल. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात इस्राएल लोकांना सांगितले आहे की तुम्ही संख्येने जास्त होता म्हणून परमेश्वराने तुम्हाला निवडले नाही, तुम्ही तर सर्वांत थोडे होता. त्याने निवडले कारण त्याची तुमच्यावर प्रीती होती. म्हणजे प्रीती का, तर प्रीती म्हणून. मार्टिन ल्यूथर या जर्मन धर्मसुधारकाने 1518 साली हायडेलबर्ग येथे वादासाठी मांडलेल्या शेवटच्या ईश्वरशास्त्रीय प्रबंधवाक्यात हेच वेगळ्या बाजूने म्हटले आहे: देवाची प्रीती तिला आवडेल असे काही शोधत नाही, ती ते निर्माण करते; माणसाची प्रीती मात्र आवडणाऱ्या वस्तूपासून उपजते. स्थळ पाहायला गेलेल्या घरात दुसऱ्या प्रकारच्या प्रीतीचा व्यवहार कसा चालतो हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. उंची, रंग, नोकरी, पगार हे सगळे आधी, आवड नंतर. देवाशीही आपण नकळत त्याच बैठकीत बसतो, चहाचा ट्रे हातात धरून.

आता ओळखीकडे येऊ. ज्याची पत्रे नव्या करारात आहेत त्या प्रेषित पौलाने ख्रिस्ती माणसाच्या ओळखीसाठी जो शब्द वापरला तो कायद्यातला आहे: दत्तक. त्याच्या काळच्या रोमी जगात दत्तक जाणारे पुष्कळदा प्रौढ पुरुष असत. जुन्या घराशी असलेले कायदेशीर नाते संपे आणि नव्या पित्याचे नाव व वारसा मिळे. सम्राट ऑगस्टस स्वतः ज्युलियस सीझरच्या मृत्युपत्राने दत्तक झाला होता आणि त्याने इसवी सन 4 मध्ये चाळिशी ओलांडलेल्या तिबेरियसला दत्तक घेतले. रोमी श्रीमंत माणूस वारस निवडताना कर्तबगारी पाही. पौल मात्र इफिसकरांस लिहिताना म्हणतो की ही निवड जगाच्या स्थापनेपूर्वी झाली. तेव्हा पाहण्यासारखी कर्तबगारी कोणाकडे होती?

दत्तकाचा मुद्दा नागपूरकराला तरी फार समजावून सांगावा लागू नये. 11 डिसेंबर 1853 रोजी तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले, गादीसाठी दत्तकाचा हक्क कंपनी सरकारने मानला नाही आणि 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. दत्तक जाणाऱ्याचे गुण किंवा दोष हा प्रश्न तिथे नव्हताच. मंजुरी देण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे एवढाच प्रश्न होता, आणि तो अधिकार घरच्यांच्या हाती नव्हता. रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा आठवा अध्याय या पार्श्वभूमीवर वाचला की त्यातले धाडस लक्षात येते. देवाच्या निवडलेल्यांवर दोषारोप कोण ठेवील, असे पौल विचारतो, कारण ज्याच्याकडे नामंजूर करण्याचा अधिकार आहे त्यानेच दत्तक घेतले आहे. वर कलकत्त्यात कोणी गव्हर्नर जनरल बसलेला नाही. भरवसा या शब्दाला जे वजन आहे ते या अर्थाचे आहे. दत्तक गेलेल्याच्या मनात आज किती धीर आहे यावर दत्तकपत्राची वैधता ठरत नाही.

मग एखाद्याच्या अंगी यांपैकी काय आहे हे ओळखायचे कसे? अपयश ही पहिली खूण आणि ती सर्वांना सुचते, म्हणून तिच्यावर थांबत नाही. मला अधिक बोलकी वाटते ती टीकेची वेळ. करिंथच्या मंडळीत पौलावर बरेच लोक नाराज होते. त्यांना तो लिहितो की तुमच्याकडून किंवा मनुष्यांच्या न्यायासनाकडून माझा न्याय व्हावा याचे मला फार थोडे वाटते. इथपर्यंतचे वाक्य कोणताही आत्मविश्वासू माणूस बोलेल. पुढचे वाक्य तो बोलणार नाही: मी स्वतःचाही न्याय करीत नाही, माझे मन मला दोष देत नाही, पण तेवढ्याने मी निर्दोष ठरत नाही. लोकांचे मत झुगारून स्वतःच्या मताला न्यायाधीश करणे हा आत्मविश्वासाचा मार्ग. पौलाने ती दुसरी खुर्चीही रिकामी केली आहे. म्हणूनच फिलिप्पैकरांस लिहिताना तो आपली सारी प्रमाणपत्रे, म्हणजे आठव्या दिवशी झालेली सुंता, बन्यामिनाचा वंश, परूशी पंथ, एकेक करून मोजून दाखवतो आणि मग ती कचऱ्यात टाकतो. ज्याच्याजवळ प्रमाणपत्रेच नव्हती अशाने हे म्हटले असते तर आपण त्याला द्राक्षे आंबट म्हणणारा कोल्हा ठरवले असते.

इथे एक उलटी गल्लतही सांगितली पाहिजे, कारण आमच्या मंडळ्यांत ती अधिक पसरलेली आहे. आत्मविश्वास वाईट, तर मग न्यूनगंड चांगला, असे समजून काही जण आयुष्यभर मान खाली घालतात आणि त्याला नम्रता म्हणतात. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात येशूने सांगितलेल्या गोष्टीतल्या दोन मुलांनी हा घोटाळा फार आधी उघड केला आहे. उधळ्या मुलगा परतताना मनात भाषण जुळवतो की मला तुमच्या एका चाकरासारखे ठेवा. थोरला मुलगा अंगणात रागावून म्हणतो की इतकी वर्षे मी तुमची चाकरी करत आहे. एक स्वतःला कमी लेखतो, दुसरा जास्त, पण दोघांच्या तोंडी शब्द एकच आहे, चाकरी. दोघेही पगाराच्या वहीत बोट घालून उभे आहेत. बाप धाकट्याला त्याचे भाषण पुरे करू देत नाही आणि थोरल्याला म्हणतो, बाळा, जे माझे ते सर्व तुझेच आहे. न्यूनगंड हा असा आत्मविश्वासच आहे, ज्याच्या हिशेबात तोटा आला.

आपल्याकडे या न्यूनगंडाला आणखी एक मूळ आहे. ख्रिस्ती मराठी माणसाला आडनाव सांगितल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे आधी कोण तुम्ही?" आधी म्हणजे आजोबा-पणजोबांच्या आधी. प्रश्न कधी सहज विचारलेला असतो, कधी माप घेण्यासाठी. त्यावर चिडून मोठेपणा सांगणे किंवा ओशाळून विषय बदलणे ही पुन्हा त्याच वहीची दोन पाने झाली. उत्तर देता येते, खरे आणि न लपवता, आणि तरीही आपली किंमत त्या उत्तरावर टांगलेली नसते. हे जमणे मला अनेक प्रवचनांपेक्षा मोठी साक्ष वाटते. मंडळ्यांनाही हा धडा शिकावा लागला होता. 29 नोव्हेंबर 1970 रोजी याच नागपुरात अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, मेथडिस्ट अशा वेगवेगळ्या परंपरांच्या सहा मंडळ्यांनी आपापली नावे बाजूला ठेवून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे एक नाव घेतले. ती नावे त्यांना प्यारी होती आणि त्यांमागे पिढ्यांचा इतिहास होता. तरी ओळख त्या नावांत नाही असे म्हणण्याचे धैर्य त्यांनी दाखवले. पुढे वाद झाले नाहीत असे नाही, पण तो वेगळा विषय.

अलीकडे या दोन गोष्टींची एक मिसळ बाजारात आली आहे आणि तिच्याविषयी माझे मत कडक आहे. 'मी राजाधिराजाची कन्या, मी जिंकणारच' अशी वाक्ये मोबाइलच्या स्टेटसवर झळकतात. पहिला अर्धा भाग शास्त्रातला, दुसरा अर्धा कोचिंग क्लासच्या फलकावरचा. नंबर लागला नाही की अशी मुलगी दोनदा कोसळते: एकदा परीक्षेत, आणि एकदा ती कन्या असण्याविषयीच शंका आल्यामुळे. अरण्यातल्या परीक्षकाचे वाक्य इथे भक्तिगीताच्या चालीवर म्हटले जाते एवढाच फरक.

शास्त्रात धैर्य म्हणून जो शब्द येतो त्याचा सूर निराळा आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात आपण धैर्याने कृपेच्या राजासनाजवळ जाऊ असे म्हटले आहे. तिथला मूळ ग्रीक शब्द परेसिया हा अथेन्सच्या नागरिकाच्या मोकळेपणाने बोलण्याच्या हक्कासाठी वापरला जात असे. हा हक्क गुलामाला नव्हता, नागरिकाला होता, तो चांगला वक्ता असो वा तोतरा. मराठीने हा मोकळेपणा आपल्या पद्धतीने जपला आहे. वडिलांना अहो-जाहो करणारी आमची आधीची पिढी गुडघे टेकले की देवाला सरळ 'तू' म्हणायची, आणि त्यात कोणाला उद्धटपणा दिसला नाही. नव्या करारात देवाला पिता म्हणून हाक मारताना येणाऱ्या 'अब्बा' या अरामी शब्दाचेही असेच आहे. त्याचा अर्थ बाळाचे बोबडे बोल असा सांगण्याची प्रथा पडली आहे, परंतु मोठी माणसेही वडिलांना याच शब्दाने हाक मारत. तो हक्काचा शब्द आहे, लाडाचा असलाच तर त्यानंतर.

भरवसा आला म्हणून आत्मविश्वासाची गरज संपते असे मात्र कोणी समजू नये. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरचा हात स्थिर असावा तो सरावाने, आणि तसा तो नसेल तर मला टेबलावर पडून त्याच्या प्रार्थनाशील स्वभावाचे कौतुक ऐकायचे नाही. भरवसा भौतिकशास्त्राचा एकही धडा शिकवत नाही. तो फक्त त्या विषयातल्या गुणांवरून माणसाचा भाव ठरवण्याचे काम गुणपत्रिकेकडून काढून घेतो, आणि मग अभ्यास करताना हात हलका राहतो.

आमच्या वर्गातल्या एका मुलीचा वैद्यकीय प्रवेशाचा प्रयत्न दुसऱ्यांदा हुकला. त्या रविवारी ती येणार नाही असे सर्वांनी धरले होते. ती आली, डोळे सुजलेले होते, आणि शास्त्रवाचनाची पाळी तिची असल्याने तिने ते वाचलेही, मधे एकदा थांबून. उपासनेनंतर बाहेर कडुनिंबाखाली एका काकूंनी तिला धीर द्यावा म्हणून म्हटले, "आत्मविश्वास सोडू नको हं, बेटा." ती म्हणाली, "तो तर गेला, काकू. रसायनशास्त्रात फारच कमी पडले. त्याचा क्लास कुठे चांगला आहे, तुम्हाला माहीत आहे का?"