पाणी न वाळताच वाढणारा दगड

बार्बाडोसच्या हॅरिसन्स केव्हमध्ये ट्राममधून खाली जाताना लेकीने स्वेटर चढवला होता. गुहा म्हटलं की गारवा, हे तिच्या डोक्यात पक्कं. पाचच मिनिटांत तो स्वेटर माझ्या मांडीवर आला. खोल गुहेचं तापमान साधारण बाहेरच्या वर्षभराच्या सरासरीइतकं राहतं, म्हणजे या कॅरिबियन बेटावर 27 अंशांच्या आसपास. आणि हवा बाष्पाने अगदी काठोकाठ भरलेली.

ही दमट हवा महत्त्वाची आहे. छतावरून लोंबणारे लवणस्तंभ पाणी वाळून तयार होतात, असं पुष्कळांना वाटतं. पण अशा हवेत पाणी वाळणार कसं? घडतं ते वेगळंच. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना मुळांनी आणि सूक्ष्मजीवांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. हे किंचित आम्लधर्मी पाणी चुनखडक विरघळवत खाली येतं. गुहेच्या हवेत तो वायू मातीतल्यापेक्षा कमी, त्यामुळे सोड्याची बाटली उघडल्यासारखा तो थेंबातून निसटतो. मग विरघळलेला चुना पाण्यात टिकत नाही.

ट्राम थांबली तेव्हा डोक्यावर शीतपेयाच्या स्ट्रॉएवढी एक पांढरी नळी दिसली. टोकाला थेंब. थेंब लोंबत असताना त्याच्या कडेला त्याच चुन्याचं, म्हणजे कॅल्साइट या खनिजाचं, बारीकसं कडं बसतं, मग तो पडतो आणि नळीतून दुसरा उतरतो. अशी कड्याला कडी जोडत नळी लांबते, वर्षाला जेमतेम मिलिमीटरचा काही अंश. लेकीचा हात आपसूक वर गेला, मी तो धरला. बोटांवरचा तेलकटपणा तिथे लागला की पाणी नीट पसरत नाही आणि वाढ खुंटू शकते.

हा चुनखडक मुळात प्रवाळांचा. शेजारची सेंट लुसिया, सेंट व्हिन्सेंट ही बेटं ज्वालामुखींनी घडवली. बार्बाडोसचं तसं नाही. अटलांटिकचा तळ कॅरिबियन भूपट्टाखाली सरकताना त्यावरचा गाळ खरवडला जाऊन साचत गेला आणि वर उचलला गेला. उथळ पाण्यात आल्यावर त्यावर प्रवाळांनी घरं बांधली. आज बेटाचा सुमारे 85 टक्के भाग त्याच दगडाने झाकलेला आहे. डोक्यावरचं छत एकेकाळी उन्हात न्हाणाऱ्या उथळ समुद्राचा तळ होतं, हे कळल्यावर मी बराच वेळ वरच बघत राहिले.

1970 मध्ये ओले सोरेन्सेन या डॅनिश गुहा-अभ्यासकाने या गुहेचा नव्याने शोध घेतला; 1981 पासून ती पर्यटकांसाठी खुली आहे.

बेटावरचं पिण्याचं पाणी बहुतांशी याच चुनखडकातल्या भूजलातून येतं. संध्याकाळी खोलीतली चहाची किटली उघडली, तर तळाशी पांढरा थर. उकळताना कार्बन डायऑक्साइड निघून गेला आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे गुहेतला तोच चुना, मागे राहिलं. लेकीने नखाने तो खरवडून पाहिला. इथे हात लावायला कुणाची मनाई नव्हती.