मांसासाठीची गुरं : शुद्ध जात आणि संकर यांच्या वादामागचा इतिहास

मांसासाठी गुरं पाळताना एकच जात शुद्ध राखावी, की दोन जातींचा संकर करावा, हा वाद जुना आहे. १८१० मध्ये इंग्लंडच्या डरहॅम परगण्यात ‘कॉमेट’ नावाचा, शॉर्टहॉर्न जातीचा वळू १००० गिनींना (गिनी म्हणजे जुनं इंग्रजी सोन्याचं नाणं) विकला गेला. त्याच्या आईचा आणि त्याचा स्वतःचा बाप एकच होता. रॉबर्ट बेकवेल या इंग्रज पैदासकाराने आधीच्या शतकात जवळच्या नात्यात पैदास करून हवे ते गुण पक्के करण्याची रीत रुजवली होती. कॉमेट हे तिचंच फळ. १८२२ मध्ये शॉर्टहॉर्नची वंशावळ छापली गेली, १८४६ मध्ये हेरफर्ड या दुसऱ्या इंग्रज जातीची. वळूची खरेदी तेव्हापासून अंगापेक्षा कागद बघून होऊ लागली.

अमेरिकेत अँगस या स्कॉटिश जातीची सुरुवात मात्र संकरानेच झाली. जॉर्ज ग्रँटने १८७३ मध्ये स्कॉटलंडहून कॅन्ससमध्ये चार अँगस वळू आणले. काळे, बिनशिंगी, लोकांना विचित्र वाटणारे. टेक्ससच्या लांबशिंगी गाईंना त्यांच्यापासून झालेली वासरं हिवाळ्यात तगली, वजनातही भरली. अँगसचं नाव झालं ते या वासरांमुळे.

दक्षिणेत, मेक्सिकोच्या आखाताकाठी, युरोपातली गुरं ऊन आणि गोचिडांपुढे टिकत नव्हती. गुरांचा ‘टेक्सस ताप’ हा रोग गोचिडांमुळे पसरतो हे १८९३ मध्ये स्मिथ आणि किलबोर्न या अमेरिकी संशोधकांनी सिद्ध केलं. उपाय भारतातून गेला. गीर, कांकरेज, ओंगोल आणि थोड्या प्रमाणात आपलं कृष्णाखोरी, यांच्या मिश्रणातून अमेरिकी ब्राह्मन उभी राहिली. १९२४ मध्ये तिची संस्था निघाली. कृष्णाखोरी स्वतःच दक्षिण मराठा संस्थानांत, नदीकाठच्या काळ्या जमिनीत नांगर ओढण्यासाठी, गीर, ओंगोल, कांकरेज यांच्या संकरातून घडवलेलं जनावर. आज ते आपल्याकडेच दुर्मीळ झालंय, याचं फार वाईट वाटतं. पुढे टेक्ससमधल्या ‘किंग रँच’ या मोठ्या पशुपालन केंद्राने ब्राह्मन आणि शॉर्टहॉर्न यांच्यातून सांता गर्ट्रूडिस घडवली. साधारण तीन अष्टमांश ब्राह्मन, बाकी शॉर्टहॉर्न. १९४० मध्ये तिला स्वतंत्र जातीची मान्यता मिळाली. कालचा संकर आजची शुद्ध जात होतो, तो असा.

शुद्धतेची दुसरी बाजू १९४०-५० च्या दशकांत दिसली. प्रदर्शनात बुटक्या, भरीव अंगाच्या वळूंना बक्षिसं मिळत, आणि त्यातले अनेक एका सुप्त आनुवंशिक दोषाचे वाहक होते. हेरफर्ड आणि अँगसच्या नामांकित कळपांत घोरणारी, ठेंगू वासरं जन्मू लागली. वंशावळ निर्दोष, पण वासरू जगत नव्हतं. मग कित्येक घराण्यांची जनावरं कळपातून बाद करावी लागली.

याच सुमारास नेब्रास्कातल्या फोर्ट रॉबिन्सनला हेरफर्ड, अँगस आणि शॉर्टहॉर्न यांच्यावर दीर्घ प्रयोग सुरू झाले. त्यांचा निष्कर्ष मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो : वळूकडे सोडलेल्या प्रत्येक गाईमागे, दूध तोडताना मिळणारं वासरांचं वजन संकराने सुमारे २३ टक्के वाढतं. त्यातला निम्म्याहून जास्त वाटा संकरित वासराचा नसून संकरित आईचा. ती लवकर गाभण राहते, वासरू जगवते, दूध जास्त पाजते. फक्त संकरित वासरं विकून शुद्ध गाई ठेवणाऱ्याच्या हाती थोडाच फायदा लागतो.

पण संकरातून येणारा हा जोम टिकवावा लागतो. दोन जातींच्या पहिल्या पिढीतल्या जनावरांची आपसातच पैदास केली, तर तो पुढच्या पिढीत निम्म्यावर येतो. म्हणून संकर करणाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या वेगवेगळ्या शुद्ध जातींचे वळू लागतात. नीट जपलेले शुद्ध जातींचे कळप नसतील तर संकराला कच्चा मालच उरत नाही, आणि म्हणून शुद्ध पैदास करणाऱ्यांचं काम मला थोर वाटतं.

१९६० च्या दशकाअखेरीस कॅनडामार्गे सिमेंटल, लिमुझिन या युरोपीय जाती अमेरिकेत आल्या आणि संकराला आणखी जोर आला. १९७८ मध्ये ‘सर्टिफाइड अँगस बीफ’ हा शिक्का बाजारात आला. त्याची पहिली अट वंशावळ नाही, प्रामुख्याने काळं कातडं ही आहे. मग मूळच्या तांबड्या-पांढऱ्या सिमेंटलच्या पैदासकारांनीही अँगसचं रक्त घालून काळी सिमेंटल तयार केली, आणि रंगासाठी केलेला तो संकर आज सिमेंटलच्याच वंशावळीत नोंदला जातो.