अणुभट्टी म्हणजे अणुबॉम्ब नाही हो

जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाचा विषय निघाला की अजूनही कोणीतरी म्हणतंच, "उद्या काही झालं तर कोकणाचं हिरोशिमा होईल." भीती मी समजू शकतो पण हे होऊच शकत नाही, कारण युरेनियमच्या बॉम्बला साधारण 90 टक्के युरेनियम-235 (युरेनियमचा सहज फुटणारा प्रकार) लागतं आणि जैतापूरला 1730 मेगावॅटच्या ज्या सहा भट्ट्या ठरल्यात त्यांच्या इंधनात ते जास्तीत जास्त 5 टक्के, तारापूरच्या 540 मेगावॅटवाल्या दोन युनिटमध्ये तर नैसर्गिक युरेनियम, म्हणजे जेमतेम 0.7 टक्के.

मग चेर्नोबिल? 1986 ला तिथे पॉवर अचानक भडकली आणि वाफेच्या दाबाने भट्टी फुटली, फुकुशिमात 2011 ला हायड्रोजनचे स्फोट झाले. भयंकरच, पण हिरोशिमासारखं काही नव्हतं ते.

खरा धोका वेगळा आहे. भट्टी बंद केली तरी इंधन तापतच राहतं, पाणी फिरायचं थांबलं की ते वितळतं आणि किरणोत्सर्ग बाहेर पडू शकतो, फुकुशिमात त्सुनामीच्या पाण्यात डिझेल जनरेटर बुडाले आणि नेमकं हेच झालं. आता 2025 च्या बजेटमध्ये छोट्या मॉड्युलर (कारखान्यात सुटे भाग बनवून जागेवर जोडायच्या) भट्ट्यांसाठी 20,000 कोटी ठेवलेत, 2033 पर्यंत देशी बनावटीच्या किमान पाच सुरू करायचं टार्गेट आहे, तर तिथेही लाईट गेल्यावर इंधन थंड कसं ठेवणार हे आधी विचारा.