जवस: कसा भाजावा, किती दळावा, रोज किती खावा

जवस नेताना बहुतेक ग्राहक विचारतात, याने कोलेस्टेरॉल उतरतं का? उतरायला मदत होते, पण अख्खे दाणे पाण्याबरोबर गिळून नाही. दाण्याचं साल चिवट असतं. न चावलेला दाणा जसाच्या तसा पोटातून बाहेर पडतो. म्हणून पूड करूनच खा.

100 ग्रॅम जवसात साधारण 27 ग्रॅम फायबर आणि 42 ग्रॅम तेल असतं. त्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-3, म्हणजे एक प्रकारची चांगली चरबी. फायबरचा विरघळणारा भाग आतड्यात बुळबुळीत होतो आणि पित्तातली आम्लं धरून बाहेर नेतो. नवं पित्त करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलतं, म्हणून एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, थोडं खाली येतं. जेवणानंतरची साखरही सावकाश चढते. हे ओमेगा-3 मात्र माशांतल्यासारखं नाही, शरीर त्याचं माशांतल्या प्रकारात फार थोडं रूपांतर करतं. बांगडा-तारली खात असाल तर सोडू नका.

भाजताना जाड बुडाची कढई, मंद आच, एका वेळी एकच वाटी. सतत हलवा. दाणे तडतडायला लागले, थोडे फुगले की लगेच ताटात पसरा; कढईत ठेवले तर आच बंद केल्यावरही करपतात आणि चटणी कडू होते. पूर्ण गार झाल्यावरच मिक्सर थांबवून-थांबवून फिरवा, नाहीतर तेल सुटून गोळा होतो.

पूड आठवड्यापुरतीच करा. दळल्यावर तेलाला हवा लागते आणि ते खवट होतं. घट्ट झाकणाची बरणी, फ्रिजमध्ये. रंगाच्या डब्यासारखा वास आला तर फेकून द्या. जवसाचंच तेल रंगात वापरतात, वास ओळखीचा वाटेल.

रोज सपाट दोन मोठे चमचे, म्हणजे 14-15 ग्रॅम पुरे. सुरुवात एका चमच्याने करा, नाहीतर पोट फुगतं. पाणी भरपूर प्या; कमी पडलं तर हेच फायबर बद्धकोष्ठ करतं. चटणी करणार असाल तर मीठ हात राखून घाला. रक्तदाबासाठी जवस आणि वर चमचाभर मीठ, हा व्यवहार तोट्याचा.

गोळ्या आणि जवस यांत दोन तासांचं अंतर ठेवा. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा दिवस गेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. कोलेस्टेरॉलची गोळी जवसाच्या भरवशावर बंद करू नका.