आम्ही आल्यावर कटकटी का वाढल्यासारख्या वाटतात?

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बहुतेक ग्राहकांचा फोन येतो : "तुम्ही आल्यापासून भानगडीच जास्त झाल्यात." तुमचाही येईल. म्हणून हे पत्रक आधीच हातात देतोय.

आम्ही अजाइल पद्धतीने सॉफ्टवेअर करतो. सहा महिने गप्प बसून एकदम सगळं आणून ठेवत नाही; दर दोन आठवड्यांनी एक तुकडा तुमच्यासमोर चालवून दाखवतो. रोज सकाळी १५ मिनिटं उभ्याउभ्या बोलणं होतं आणि भिंतीवर फलक असतो : करायचं, चालू, अडलंय, झालं. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी त्यावर लावलेली. 'चालू'मध्ये एका वेळी तीनच चिठ्ठ्या. ही मर्यादा लोकांना जाचक वाटते, पण खरी गंमत तिच्यातच आहे. ती नसेल तर एक काम अडलं की माणूस दुसरं हातात घेतो, मग तिसरं. सगळे कामात दिसतात आणि अडलेलं तसंच पडून राहतं.

एका कारखान्यात आवक मालाच्या नोंदीचा स्क्रीन आम्ही दोन दिवसांत केला. चिठ्ठी मात्र नऊ दिवस 'अडलंय'मध्ये होती. नापास माल परत पाठवायचं चलन कोणी काढायचं? स्टोअर म्हणे क्वालिटीने, क्वालिटी म्हणे अकाउंट्सने. नियम कुठेच लिहिलेला नव्हता. एक जुने स्टोअरकीपर ते आपल्या अंदाजाने निभावून नेत होते, आणि ते निवृत्तीला आले होते. हा घोळ आमच्या सॉफ्टवेअरने केला नव्हता. उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी उतरलं की पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ वर येतं. ते काही उन्हाळ्याने बांधलेलं नसतं. टोयोटाच्या उत्पादन पद्धतीतही हेच सांगतात : मालाचा साठा म्हणजे पाणी, ते कमी केलं की तळाचे खडक दिसतात. (आपल्याकडे निदान देऊळ तरी दिसतं!)

खडक दाखवणं आमच्या हातात आहे, फोडणं नाही. चलन कोणी काढायचं ते तुम्हीच ठरवायचं. त्यासाठी निर्णयाचा अधिकार असलेला एक माणूस आम्हाला द्या. "साहेबांना विचारून सांगतो" म्हणणारा चालत नाही. त्याच्याकडची प्रत्येक चिठ्ठी आठवडाभर लोळते.

मालकांना एक विनंती. सकाळच्या बैठकीत जरूर या, पण "कोणी अडवलं?" असं विचारू नका. विचारलंत तर दुसऱ्या दिवसापासून 'अडलंय'चा रकाना स्वच्छ होईल आणि अडचणी पुन्हा कपाटात जातील. "काय अडलंय, कशामुळे?" एवढं पुरे.

तुमच्या निर्णयाअभावी काम थांबलं तर त्या दिवसांचं बिल आम्ही लावत नाही, पण पुढची तारीख तेवढी सरकते. पहिल्या बैठकीला कोऱ्या चलनांची आणि रजिस्टरांची एकेक प्रत आणा. कोणाची खासगी वही असेल, जिच्याशिवाय काम चालत नाही, तर ती आधी.